खिरीतला बदाम

“एका माशासाठी अख्खा गाव रांगेत!” पुढची बाई करवादली. नाताळच्या आदल्या दिवसाची सकाळ. मागे उभ्या राग्नहिल्डला कान काही मिटून घेता येईनात.

“ताई, हा राग माशावरचा नाही,” तिच्या शेजारी उभी धाकटी बहीण म्हणाली.

“नाहीच. त्या पोरीवरचा आहे. परदेशात सणाला एकटी नको म्हणून घरात घेतली, आणि हिनं काल खिरीतला बदाम दडवला! टोपात एकच टाकतो आपण; ज्याला मिळेल त्यानं दाखवून बक्षीस घ्यायचं, एवढीच तर रीत.”

“झोहराला मिळालाच नसेल.”

“मग कुणाला? टोप रिकामा झाला. तुला नाही, मला नाही. बक्षिसाचं डुक्कर नको म्हणून गप्प बसली असेल.”

“अगं, साखर-बदामाचं डुक्कर ते! ‘खाऊ का’ म्हणून दोनदा विचारलं तिनं.”

“लबाड आहे. आजच वसतिगृहावर परत धाडते.”

“नको धाडूस. बदाम मला सापडला, भांडी घासताना.”

“कुठे?”

“हाल्वरच्या वाडग्यात. तू त्याच्या जागी भरून ठेवलं होतंस ना, त्यात.”

“ठेवणारच. पोराला बोटीवरून यायला उशीर होतो.”

“ताई…”

“काय ताई? होतो उशीर!”

“बोट बुडाली, ताई. आपला हाल्वर आता येणार नाही.”