कौकोच्या हिरवळीचं खत

फिनलंडमधल्या कुओपिओच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, यंदा तुमच्या तळ्याकाठचं पाणी एवढं नितळ कसं? मागच्या उन्हाळ्यात तर शेवाळाचा नुसता हिरवा लगदा होता.”

“सौनातली वाफ घेऊन तळ्यात उडी मारायची सोय नव्हती. शेजारचा कौको म्हणायचा, तुम्ही धक्क्यावर साबण लावून सतरंज्या धुता, त्याचंच हे फळ.”

“आणि खरं कारण?”

“त्याचं खत. त्याची हिरवळ काठापर्यंत उतरती, पाऊस आला की खत थेट तळ्यात. आपली तारू पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे ना, तिनं तपासलं. म्हणाली, शेवाळाला बाकी सगळं मुबलक मिळतं, अडतं ते फॉस्फरसपाशी. तो मिळाला की माजतं.”

“मग कौकोला सांगितलंत?”

“सांगितलं. हसला. मग मे महिन्यात तो मासे धरायला गेला, तेव्हा मी त्याच्या पोत्यांत बिनफॉस्फरसचं खत भरून ठेवलं.”

“अगं बाई. आणि हिरवळ?”

“तिला पत्ताच नाही, झकास वाढली. आता तो सांगत फिरतो, मी दम दिला म्हणून बाईनं सतरंज्या धुणं सोडलं आणि तळं सुधारलं.”

“सोडलंत?”

“छे. माझ्या साबणात फॉस्फरस नाहीच. तो सौनात शिरला की धुते.”

“त्याचं खत कुठं टाकलंत?”

“टाकते कशाला? तुझ्या बटाट्यांना घातलं. तिथून तळं लांब आहे.”



“तरीच यंदा एवढे पोसलेत. एखादं पोतं उरलंय का?”