जाळीची भिंत

त्रेसष्ट सालची गोष्ट. कारखान्याच्या कॉलनीसमोर बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. हेमलता पुण्याहून इथं राहायला आलेली, आणि सकवारबाई पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातल्याच. समोर कॉलनीचा नवा कम्युनिटी हॉल दिसत होता. बसचा पत्ता नव्हता.

“काय ग हेमलता, तुमच्या हॉलची भिंत बांधताना सिमेंट संपलं काय? नुसती भोकंच.”

“नाही हो अक्का, ती जाळीच आहे. वारा खेळता राहावा म्हणून.”

“आणि कौलं नाहीत. एवढं मोठं सपाट छप्पर, खाली काटक्यांसारखे खांब. पडत नाही?”

“काँक्रीट आहे ते! पण तुम्ही एवढं निरखून पाहिलंत कधी?”

“शनिवारी. भाग्यलक्ष्मीला घेऊन आले होते.”

“तिला बघायला तर मुलगा रविवारी येणार होता ना?”

“म्हणूनच की! तूच म्हणालीस, तो रोज संध्याकाळी हॉलमध्ये कॅरम खेळतो. म्हटलं, त्याच्याआधी आमच्या पोरीनं स्वल्प बघून घ्यावं. जाळीमागं उभ्या राहिलो.”

“अय्या! मग?”

“पोरगी जागची हलेना. चल म्हटलं, तर म्हणते, त्यानं राणी घेतली की जाऊ. घेतोय कुठला! सारखा हुकत होता.”

“आणि रविवारी?”

“उप्पीट खाऊन झालं. ह्यांनी म्हटलं, मुलीला काही विचारायचं तर विचारा.”

“काय विचारलं?”

“म्हणाला, ‘काल जाळीमागं निळी साडी तुमचीच ना? राणी हुकत होती ती तुमच्यामुळंच.’”