त्यांचा सण

यादवराव: पांढरा कुर्ता इस्त्री करून ठेवला, बाई. सोमवारी उट्रेख्तच्या विहारात जायची गाडी किती वाजताची म्हणलीस?

शलाका: बाबा, तुम्ही आणि रणजित जा. सुमेधाला घेऊन. मला नाही जमायचं.

यादवराव: काऊन?

शलाका: ऑफिस आहे.

यादवराव: ऑफिस तं रोजच आहे. बुद्धपौर्णिमा रोज नाही. नागपूरहून निघतानाच मी दीक्षाभूमीवर सांगून आलो, औंदाची वंदना मी लेकीबरोबर करतो म्हणून. पोरीच्या शाळेनं सुट्टी देली, तुह्या ऑफिसनं नाही देली?

रणजित: शाळेत मी अर्ज टाकला होता, बाबा. धार्मिक कारण असलं की इथे हॉलंडमध्ये मुलांना तेवढा दिवस देतात. सुमेधानं तर वर्गात सगळ्यांना सांगितलं म्हणे, बुद्धाचा वाढदिवस आहे.

यादवराव: आठ वर्षाची पोरगी सांगते. तिच्या आईनं काय सांगितलं मंग?

शलाका: मी मागितलीच नाही सुट्टी.

यादवराव: मंग माग.

शलाका: आता नाही मागता येणार.

रणजित: सांग ना त्यांना. कालपासून धड जेवली नाहीयेस. बाबांना दिसत नाही असं वाटतं का तुला?

शलाका: रणजित, प्लीज.

यादवराव: त्याले नको थांबवू. काय झालं?

शलाका: काल मीटिंग होती. आमची अर्धी टीम इंडोनेशियात बसते, सुराबाया म्हणून शहर आहे. सोमवारी त्यांना सगळ्यांना सुट्टी. वैसाकची. वैशाख पौर्णिमेला ते वैसाक म्हणतात.

यादवराव: तो मुसलमानाचा देश ना?

शलाका: हो. आमच्या टीममधले तर सगळेच मुस्लिम आहेत. पण तिकडे ईदला जशी सरकारी सुट्टी, तशी नाताळला आणि तशीच वैसाकला. बँका बंद, शाळा बंद.

यादवराव: चांगली गोष्ट आहे की. आम्हाले पोस्टातही होती म्हणा. पण साहेब तोंड वाकडं करून द्यायचा.

शलाका: आमच्या साहेबानंही तेच केलं. अनिमेष. आपल्याकडचाच आहे, दिल्लीला वाढलेला. सॉफ्टवेअरचं रिलीज जवळ आलंय म्हणून तो वैतागला होता. म्हणाला, मुस्लिम देशात बुद्धपौर्णिमेची सुट्टी, कमाल आहे. मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाला, "आपल्याकडे तरी कोण पाळतं शलाका? तो तर त्यांचाच सण." त्यांचा. एवढंच म्हणाला. हसत.

यादवराव: तू काय म्हणलीस?

शलाका: काही नाही. मीपण हसले.

यादवराव: हं.

शलाका: तेवढ्यावर राहिलं असतं तर राहिलं असतं, बाबा. तिकडची टीम लीड आहे, नूरहयाती. माझ्याच वयाची. मागच्या ईदला तिला आईकडे जायचं होतं. ईदला तो सगळा देश गावी जातो. बोटी, बस, कशात जागा नसते. तिची आई आजारी, म्हणून तिला चार दिवस आधी निघायचं होतं आणि अनिमेष सोडत नव्हता. मी म्हटलं, तू जा, तुझं काम मी बघते.

रणजित: आणि बघितलं हिनं. तिचं काम आणि स्वतःचं, दोन्ही.

शलाका: परत आल्यावर तिनं विचारलं, तुझा सण कधी असतो? मी सांगितलं.

यादवराव: काय सांगितलं?

शलाका: मी बौद्ध आहे. वैशाखात पौर्णिमा असते. सहज सांगितलं, बाबा. तिला सांगताना भीती नाही वाटली. तिच्यासाठी बौद्ध म्हणजे फक्त बौद्ध. त्या शब्दाच्या मागे ती दुसरं काही शोधत नाही. अनिमेषला सांगितलं की तो आधी आडनाव आठवणार, मग गाव, मग ठरवणार, कोट्यातून शिकली असणार.

यादवराव: बरं. मंग काल?

शलाका: काल सगळ्यांसमोर ती म्हणाली, सोमवारी शलाकाला कामाला नका लावू. तिचा वैसाक आहे. ईदला तिनं माझी जागा सांभाळली, सोमवारी मी तिची सांभाळते. मला सुट्टी असली तरी बसते मी.

यादवराव: अशी म्हणली?

शलाका: हो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अनिमेष म्हणाला, "शलाका, तू?" आणि मी...

रणजित: राहू दे. मी सांगतो.

शलाका: नको, मीच सांगते. मी म्हणाले, नाही नाही, काहीतरी मिसअंडरस्टँडिंग झालंय. मी माझ्या एका शेजारणीबद्दल बोलले होते तिच्याशी.

(यादवराव इस्त्रीची वायर गुंडाळत राहतात. शलाकाला वाटतं, त्यांनी ओरडावं.)

यादवराव: कोणती शेजारीण?

शलाका: कोणतीच नाही, बाबा.

रणजित: बाबा, एक समजून घ्या. हिचं काँट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय. कायम करायचं की नाही हे अनिमेषच्या शिफारशीवर आहे. माझा इथे राहायचा परवाना हिच्या नोकरीवर, सुमेधाची शाळा त्या परवान्यावर. मीच हिला म्हटलं होतं, जूनपर्यंत गप्प राहा.

यादवराव: म्हणजे ठरलं होतं तुमचं. दोघांचं.

रणजित: ठरलं असं नाही. आपण आपलं काम करायचं, घरी काय पाळतो ते घरात. इथल्या लोकांनाही घरचं विचारलेलं आवडत नाही.

यादवराव: इथले लोक नाही विचारून राहिले, जावईबापू. विचारून राहिला तो आपला.

रणजित: तेच तर.

यादवराव: बाई, तू अशी भित्री नव्हती. कॉलेजात असताना चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तू पुढं राहत होती. मले काळजी वाटायची.

शलाका: पुण्याच्या नोकरीत झाले तशी.

यादवराव: पुण्यात काय झालं?

शलाका: काही मोठं नाही. कोणी शिवी दिली नाही, काही नाही. सहा डिसेंबरला रजा टाकली आणि कारण लिहिलं. आम्ही सहाजणी एकत्र डबा खायचो. पुढच्या आठवड्यात एकीची मीटिंग, दुसरीचा उपास. महिन्याभरात त्या पाचजणी दुसऱ्या टेबलावर. मी विचारलंही नाही. काय विचारणार?

यादवराव: आणि मी फोन केला की म्हणायची, पुणं मस्त आहे.

शलाका: तुम्ही पोस्टात एवढं सोसलंत. तुम्हाला वाटत होतं, आता मुलीच्या वाट्याला ते नाही. तुमचा तो आनंद कशाला मोडू?

यादवराव: मोडायचा होता. माहा आनंद काय काचेचा आहे का?

रणजित: बाबा, तिला बोलू नका आता.

यादवराव: बोलत नाही. भ्यायले मी नाव नाही ठेवत. मीही भ्यालो आहे. लेकरू लहान असलं की माणूस भितेच. पण ती पोरगी, नूर. तिचं काय झालं?

शलाका: तिनं मीटिंगमध्येच माफी मागितली. म्हणाली, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. नंतर वेगळा मेसेजही केला. सॉरी शलाका, तुला अवघड वाटलं असेल.

यादवराव: खरं ती बोलली आणि माफीही तिनंच मागितली.

शलाका: हो.

यादवराव: तू काय उत्तर देलं?

शलाका: अजून नाही दिलं. काल दहा वेळा फोन उचलला.

यादवराव: त्या साहेबाचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. तुमचं घर, तुमचा परवाना, मी दोन महिन्यांचा पाहुणा. पण त्या पोरीले आज उत्तर दे. आपल्यासाठी स्वतःची सुट्टी सोडून बसणारं माणूस मले तं पोस्टात एकही नाही भेटलं.

रणजित: तिला लिहायला काही हरकत नाही, शलाका. ती काही अनिमेषला जाऊन सांगणार नाही.

शलाका: थांबा. लिहिते.

यादवराव: मराठीत सांगत जा. मले कळू दे.

शलाका: "नूर, तुझी चूक नव्हती. तू बरोबर ऐकलं होतंस. शेजारीण वगैरे कोणी नाही. मी घाबरले. का घाबरले ते लिहून सांगता येणार नाही, ते आमच्या देशाचं एक जुनं दुखणं आहे. तू माफी मागायला नको होती. मी मागते." बरं आहे?

यादवराव: पाठव.

शलाका: पाठवला. वाचलासुद्धा तिनं. टाइप करतेय.

रणजित: काय म्हणते?

शलाका: थांब... म्हणते, मी तुमच्या हॉलंडमध्येच ग्रोनिंगनला शिकत होते तेव्हा पहिला रमजान आला. घरात सगळी वेगवेगळ्या देशांची मुलं. जेवायला बोलावलं की मी सांगायचे, माझं डाएट चालू आहे. महिनाभर सांगितलं. ईदच्या दिवशी आईनं फोनवर विचारलं, कोणाबरोबर नमाज पढलीस? मी म्हटलं, मैत्रिणींबरोबर. मी खोलीत एकटी होते.

यादवराव: अरे अरे.

शलाका: अजून आहे. म्हणते, सोमवारी मी बसायला तयार आहे, अजूनही. पण अनिमेषला ते तू सांगायचं. मी पुन्हा तुझ्या वतीनं बोलणार नाही. ते माझं चुकलंच, तुला आधी विचारायला हवं होतं.

रणजित: शहाणी आहे.

शलाका: रणजित, मी टाकू रजा?

रणजित: मला का विचारतेस?

शलाका: कारण जूनमध्ये जे होईल ते तिघांचं होईल.

रणजित: खरं सांगू? नको टाकू असं वाटतंय. आणि सुमेधा शाळेत सांगून आलीये, तिच्याकडे बघितलं की लाज वाटते मला. दोन्ही वाटतंय. तू कर काय ते. मी आहे.

शलाका: बाबा?

यादवराव: मी हो म्हणलो, तं ते माह्यासाठी होईल. मी नाही म्हणत काही.

शलाका: ... "अनिमेष, सोमवारी मी रजेवर आहे. कारण, बुद्धपौर्णिमा. नूरहयाती काल बरोबर बोलली होती, मी खोटं बोलले. आमच्या घरी हा सण पाळतात." बस, एवढंच. जास्त लिहिलं तर हात थांबेल.

रणजित: गेला?

शलाका: गेला.

यादवराव: पाणी पी.

रणजित: शनिवारी बघणार नाही कदाचित तो.

शलाका: बघितलं.

रणजित: काय म्हणतो?

शलाका: "ओके. मंगळवारी बोलू."

रणजित: एवढंच?

शलाका: एवढंच.

रणजित: मंगळवारी काय बोलणार? काँट्रॅक्टचं?

शलाका: मला काय माहीत. कदाचित काहीच नाही. कदाचित पुण्यासारखंच, हळूहळू.

यादवराव: मंगळवाराच्या आधी सोमवार येते, बाई. गाडी कितीची आहे ते सांग.