जन्मानं मिळालेली मतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पालो ब्लांको काउंटीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रमुख श्रीयुत रामिरो त्रेविन्यो, ऑस्टिनहून एवढं अंतर गाडी चालवत आलेल्या पक्षाच्या सल्लागार विटनी कोलबर्न, व्यासपीठावरचे सर्व सन्माननीय, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकणाऱ्या माझ्या मैत्रिणी आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आधी आभार मानून घेते. नंतर तुम्हाला ते ऐकायची इच्छा उरेल की नाही, सांगता येत नाही. रामिरो माझ्याबद्दल फार सुंदर बोलला. एफेमिया कान्तू म्हणजे या पक्षाचा पाया, असं म्हणाला. पायाला कुणी निरोप देतं का, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. आणि खरं सांगू? मी निवृत्त होतेय हे मला आजच्या आमंत्रणावरूनच कळलं. आमंत्रण छान छापलंय, त्याबद्दलही आभार.

आपलं मेन स्ट्रीटवरचं पक्ष कार्यालय या महिन्याअखेर बंद होतंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातून वाचणारी रक्कम डॅलस आणि ह्यूस्टनच्या उपनगरांत लागणार आहे. तिथं नवी घरं उठताहेत, नवे मतदार येताहेत, लोकसंख्या आपल्या बाजूनं झुकतेय, असं विटनीबाई सांगतात. झुकत असेल. पण हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलंय, बाई. तेव्हा तुम्ही बहुधा शाळेत असाल.

तेव्हाही ऑस्टिनहून असेच एक हुशार गृहस्थ आले होते. याच हॉलमध्ये त्यांनी भिंतीवर नकाशा लावला. दरवर्षी आपल्या मेक्सिकन वंशाच्या समाजातली किती मुलं अठराची होतात, समोरच्या पक्षाचे किती म्हातारे मतदार कमी होतात, सगळं रंगवून दाखवलं. मी विचारलं, मग आम्ही करायचं काय? ते हसून म्हणाले, वाट बघा. टेक्सास आपोआप तुमच्या ओंजळीत येऊन पडेल.

आणि आपण वाट बघितली! दारोदार जाणं बंद केलं. उन्हात कोण वणवण करणार, मुलं मोठी होतच होती की. ती मुलं अठरा वर्षांची झाली, खरीच झाली. आणि त्यांनी मतं रिपब्लिकनांना दिली. त्या नकाशात आडनावं होती, आजीची भाषा होती, पण माणूस नोकरीला कुठं लागला, चर्च कुठलं धरलं, घराचा हप्ता भरताना त्याची झोप का उडते, हे कुठल्याच रंगात नव्हतं.

आता गेल्या वर्षीच्या पाचांगाबद्दल बोलते. इथं कुजबुजून सगळे बोलतात, म्हणून मी माईकवर बोलते. आपल्याकडे निवडणूक म्हटली की पाचांगा आलाच. कुणाच्या तरी अंगणात मेस्कीटची लाकडं पेटतात, मांस चढतं, सगळं गाव जमतं. आणि रीत काय? उमेदवारानं स्वतः जाळाशी उभं राहायचं, घाम गाळायचा, प्रत्येकाचं ताट आपल्या हातानं वाढायचं. ताट पुढं करताना माणूस आपलं गाऱ्हाणं सांगतो. रस्ता सांगतो, पाणी सांगतो, पोराची नोकरी सांगतो. उमेदवाराच्या हातात चिमटा असतो, त्यामुळे त्याला पळता येत नाही. माझ्या वडिलांच्या काळापासून आपण अशीच मतं मागत आलो.

गेल्या वर्षी विटनीबाईंनी त्यात सुधारणा केली. जेवणाचा ट्रक बोलावला. आमच्या उमेदवाराला, हेक्टरला, तो समोरच बसलाय, फोटोसाठी रंगीत पडद्यापुढं उभं केलं. बिचारा म्हणत होता, मी जरा जाळाशी जातो. त्याला सांगितलं, शर्टाला धुराचा वास लागेल, पुढं मुलाखत आहे. मांस शिजायच्या आत गाडी त्याला घेऊन गेली. म्हातारी माणसं हातात ताट घेऊन उभी राहिली, हेक्टर, आठवतं का? मान खाली घालू नकोस. दोष तुझा नाही.

जाळाशी कोण होतं? माझा भाचा नोए. माझ्या भावाचा मुलगा, सीमा गस्ती दलात नोकरीला आहे. रात्रपाळी करून तसाच आला होता, कारण आत्यानं बोलावलं होतं. गाडी गेल्यावर त्यानं चिमटा खाली ठेवला. मी म्हटलं, रागावू नकोस रे, त्यांना घाई होती. तेव्हा तो जे बोलला ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते.

म्हणाला, "आत्या, मी कुणाच्या पोटी जन्मलो ते तुझ्या पक्षाला पक्कं माहीत आहे. मी रोज कुठं उभा असतो, ते विचारायला एक जण आला नाही. समोरचे तीनदा येऊन गेले. त्यांचं सगळंच मला पटलं नाही, पण ते आले. तुम्ही मला गृहीत धरलंत, आत्या. तूसुद्धा."

मला फार लागलं ते. भांडावंसं वाटलं, पण तो खोटं काय बोलला होता?

नोएनं मत तिकडं दिलं. लपवलं नाही. आपण ही काउंटी हरलो, माझ्या आठवणीत पहिल्यांदा. मग समितीची बैठक झाली आणि ठरलं की, जिच्या घरातली मतं फुटतात ती बाई पक्षाच्या काय कामाची? म्हणून हा नारळ. हार घालून दिलाय, एवढंच.

तर सभ्य गृहस्थहो, मी नोएशी बोलणं सोडणार नाही. दर रविवारी तो माझ्याकडे जेवतो, जेवता जेवता आम्ही कडाडून भांडतो, आणि पुढच्या रविवारी तो परत येतो. या काउंटीत पक्षाचं काम अजून कुठं चालू असेल तर ते माझ्या त्या टेबलावर चालू आहे. रिपब्लिकनांनीही फार खूश होऊ नये. गेल्याच आठवड्यात नोए सांगत होता, निवडणूक संपल्यापासून त्याच्याकडे त्यांचंही कुणी फिरकलं नाही. त्यांनाही आता वाटायला लागलंय की हे लोक आपलेच झाले. आम्ही कुणाचे झालेलो नाही! आमचं मत रक्तातून येत नाही. ते दरवेळी दारात येऊन मागावं लागतं, आणि मागणाऱ्याला आमचं ऐकून घ्यावं लागतं. हे ज्याला जमत नाही त्यानं खुशाल नकाशे रंगवावेत.

रामिरो, तू घड्याळाकडे बघतोयस. संपवते. तुझ्या आईनं आणि मी मिळून तुझ्या पहिल्या निवडणुकीत दारं ठोठावली होती, म्हणून हे तुला तोंडावर सांगणं माझं कर्तव्य आहे. काउंटी प्रमुखाचं पद मार्चमधल्या पक्षाच्या निवडणुकीत मतदार ठरवतात, समिती नाही. आज सकाळी मी त्या पदासाठी अर्ज भरला. तुझ्याविरुद्ध. कार्यालय बंद होतंय तर होऊ दे, माझं गॅरेज रिकामं आहे, उद्यापासून तिथं बसेन. पहिलं दार नोएचं ठोठावणार आहे. तो नाही म्हणाला तरी त्याच्या शेजारचं दार आहेच.

हॉल सजवणाऱ्यांचे, बीन्स आणि ब्रिस्केटचं मांस रांधणाऱ्या मैत्रिणींचे आणि इतका वेळ चुळबुळ न करता ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आज मला क्षमा करू नका. मार्चमध्ये या आणि माझ्याविरुद्ध मत द्या. पण या. तोवर तुमच्या दारात मी येऊन गेलेली असेन.