आधी दारं उघडा

(लातूर. तुरीच्या गोदामासमोर, सकाळी. कुलूप अजून निघालेलं नाही.)

गुरम्मा : ऊद नका पेटवू, आप्पा.

महादेवप्पा : काय बोलायलीस? ऊद फिरवल्याबिगर हे कुलूप कधी निघालं न्हाई. वडिलांपासूनचा दस्तूर हाय.

गुरम्मा : म्हणूनच तर. पोत्यांच्या थप्पीत किडे मारायच्या गोळ्या ठेवल्या की गॅसचा लसणावानी वास येतो. काल ताडपत्री काढली, तर आत निस्ता ऊदच ऊद, गॅसचा वास पार दबला. हमाल नरसिंगला कायबी कळलं न्हाई. पोतं उचलाय वाकला आन् भडाभडा ओकला.

महादेवप्पा : उन्हानं झालं असंल.

गुरम्मा : सकाळी नवाला कुठलं ऊन?

महादेवप्पा : अगं, त्या गोळ्या किड्यांसाठी असतेत.

गुरम्मा : किडा कोन, मानूस कोन, गॅसला काय कळतंय?

महादेवप्पा : वीस वर्षं झाडलंस हितं. कवा बोलली न्हाईस.

गुरम्मा : काम जाईल म्हून भ्याले. पर आज सून आणलीया झाडायला. आन् आज दुसरी थप्पी उघडायची. रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई माझ्या.

शिवकन्या : जाऊ द्या आत्याबाई, जाते मी. पहिलाच दिवस हाय.

गुरम्मा : गप. आत पाय टाकू नको.

महादेवप्पा : माल भरायला मुरुडचा ट्रक उभा हाय, गुरम्मा.

गुरम्मा : राहू द्या उभा. आधी दोन्ही दारं सताड उघडा. गोळ्या ठेवणाऱ्या निवृत्तीकडं गॅस मोजायची मशीन हाय, त्याला बोलवा. वास न्हाई म्हंजी गॅस न्हाई, असं बी नसतं म्हणे.

महादेवप्पा : मला न्हाई बोलला त्यो.

गुरम्मा : तुमच्यासमोरच बोलला. तुमी ऊद फिरवत होता.

महादेवप्पा : ...थप्पी उघडली की दोन दिवस माझं डोकं ठणकतंय. आतच बसतो ना मी.

गुरम्मा : घरी सांगितलं?

महादेवप्पा : न्हाई. वाटलं, वय झालं. पोरं म्हणतील, आता घरी बसा.

गुरम्मा : म्हंजी तुमी बी भ्यालाव.

महादेवप्पा : हाव. लई. ...हॅलो, निवृत्ती? मशीन घेऊन ये. आत्ताच. दारं उघडून ठेवतो, पर तू येस्तोवर कुनी आत जात न्हाई.

गुरम्मा : आन् ऊद?

महादेवप्पा : मशीन लावून झाल्यावर. देव कुठं चाललाय?

शिवकन्या : आप्पा, मग माझी आजची हजेरी?

महादेवप्पा : लागली की, पोरी. आज थांबायचं, हेच काम.