तंबूतली मुलगी

आई : बसा त्या स्टुलावर, बाई. इस्त्री चालू ठेवते हं, गिऱ्हाईक येईल एवढ्यात. पण आधी सांगा, हे ब्लँकेट कुणाचं?

बाई : वर्गातल्या एका मुलीनं दिलंय. तुमच्या लेकीला.

आई : का? आम्ही काय कुडकुडतोय? आठवडाभर पोट दुखतंय म्हणून पोरगी घरी बसलीय, आणि दप्तरात हे कोंबलेलं. विचारलं तर तोंडाला कुलूप.

बाई : चूक माझी आहे ताई, म्हणूनच आले. वर्गात आम्ही एक कादंबरी वाचतोय. युद्धातून पळून आलेली मुलगी छावणीत राहते, नव्या शाळेत सगळे तिला छळतात. माझ्या वर्गात कुठकुठून आलेली मुलं आहेत. त्यांनी एकमेकांना समजून घ्यावं, म्हणून निवडली.

आई : चांगलंच केलंत की.

बाई : पुढचं ऐका. तंबूचं प्रकरण आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांसमोर हिला म्हटलं, 'तू सांग ना, तंबूत राहताना कसं वाटायचं?'

आई : तंबूत? अहो, आम्ही विमानानं आलो! राहतं घर विकून. हिचे बाबा तिकडे दातांचे डॉक्टर होते. इथं त्यांची पदवी चालत नाही, म्हणून दुसऱ्यांसाठी कवळ्या बनवतात. हिनं तंबू सर्कशीचासुद्धा बघितला नाहीये.

बाई : पण ती बोलली, ताई. तास संपेपर्यंत बोलली. छत गळायचं, धाकट्या भावाला कुशीत घेऊन रात्र काढायची...

आई : कुठला भाऊ? एकुलती एक आहे ती! ए, ये बाहेर. पडद्याखालून पाय दिसतायत तुझे.

(मुलगी पडद्यामागून येते.)

मुलगी : खोटं बोलले मी.

आई : अगं पण का?

मुलगी : सगळा वर्ग गप्प झाला होता. आणि मी तोंड उघडायच्या आधीच बाईंचे डोळे भरले होते. नाही कसं म्हणणार?

बाई : तुझे उच्चार वेगळे, म्हणून तूही छावणीतूनच आलीस असं मी धरून चालले. एकदा घरी येऊन विचारायचं तरी!

मुलगी : मग सगळे फार चांगलं वागायला लागले, बाई. डब्यातलं देतात. खेळात मुद्दाम हरतात. आधी मला 'तोफ' म्हणायचे, चेंडू जोरात मारते म्हणून. आता माझ्याकडे चेंडू कुणी जोरात टाकतच नाही.

आई : आणि म्हणून पोट दुखतं?

मुलगी : नाही. मागच्या बाकावर ती लांब वेणीवाली बसते ना...

बाई : तिचं काय?

मुलगी : सुट्टीत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, 'छत गळत नाही गं. उडून जातं.' एवढंच बोलली आणि गेली.

बाई : ती? ती छावणीत होती? वर्षभर माझ्यासमोर बसतेय ती.

आई : बघ! जिनं सोसलं ती मुकी, आणि तू तिचं दुःख उसनं घेऊन मिरवलंस.

बाई : तिला नका बोलू, ताई. मिरवायला मीच उभं केलं तिला. उद्या वर्गात सांगेन, की असं विचारायचा मला हक्क नव्हता.

मुलगी : आणि माझं खोटं?

बाई : ते तुझं तू सांग, जमेल तेव्हा. नाही जमलं तर मी जबरदस्ती करणार नाही.

आई : वर्गाचं राहू दे. त्या वेणीवालीला आधी सांग.

मुलगी : तिला सांगितलंय. त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर.

बाई : रागावली?

मुलगी : नाही. माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, 'बरं झालं, बाईंनी मला नाही विचारलं.'