साडूच्या ताटातला चिकू

साडूचा विषय निघालाच आहे तर ऐका. मी डहाणूत मराठी शिकवतो, माझा साडू तलासरीत हिंदी. परवा नरपडला सासऱ्यांकडे जेवताना तो म्हणाला, "बाबा, हिंदीतली चाबी काय नि आपली चावी काय, शब्द मूळचा पोर्तुगीजांचा."

सासऱ्यांनी वाडीतला सगळ्यात मोठा चिकू स्वतः सोलून त्याच्या ताटात ठेवला.

अहो, माझ्या दिवाळसणाला मी हेच सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले होते, "जेवा आता, गार होतंय."

मला राहवेना. म्हटलं, "पगार हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच."

सासरे साडूकडे वळले. "खरं का हो?"

त्याने मान डोलावली, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

परतताना बायको म्हणाली, "बाबा विचारत होते, तुम्ही शाळेत नक्की काय शिकवता?"